स्प्रिंगबँकमधलं जुनं नेमकं किती जुनं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समज चुकली असेल तर कळेल. मे महिन्यात तुम्ही मुलीकडे ग्लासगोला जाताय. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी बघायला एक अख्खा दिवस घालवावा का, हे तुम्हाला ठरवायचं आहे. मित्राने कौतुकाने पाजलेली तिची १० वर्षांची व्हिस्की तुम्हाला ‘ओल्या गोणपाटासारखी’ लागली. आणि सगळे जण ‘शंभर टक्के पारंपरिक’ म्हणून जो गजर करतात तो खरा आहे की बाटली महाग विकायची युक्ती आहे, अशी तुम्हाला शंका आहे.

गोणपाट वाचून मी हसलो, पण तुमचं नाक चुकलेलं नाही. माझ्या मते हे तीन प्रश्न नाहीतच, एकच आहे. तुम्हाला जो वास आवडला नाही आणि लोक ज्या परंपरेचं कौतुक करतात, त्या दोन्ही गोष्टी एकाच जागेतून येतात. ती आवडून घ्यायचा आग्रह मी धरणार नाही; ती कुठून येते एवढं सांगतो.

माझी पहिली अकरा वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. मळी, यीस्ट, उंच कॉलम आणि शेवटी ९६ टक्क्यांचं स्पिरिट. तिथे आमचा आदर्श काय, तर कशाचाच वास येऊ नये. लॅबमध्ये हातावर दोन थेंब चोळून हुंगायचे, मळीचा जरासा जरी वास आला तरी शिफ्ट इंचार्जला बोलणी बसायची. नंतर माल्ट व्हिस्कीकडे वळलो तेव्हा डोकं अक्षरशः उलटं करावं लागलं. कॅम्पबेलटाउनला मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला कारखान्याच्या डोळ्यांनी बघितलं आणि मनात म्हटलं, हे लोक दिवाळं काढायला बसलेत.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या जागेचा हट्टी स्वभाव कळत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला किंटायर नावाची जमिनीची लांब जीभ समुद्रात गेलेली आहे, तिच्या टोकाजवळचं हे बंदर. १८२३ साली अबकारी कायदा बदलला आणि परवाना घेऊन दारू गाळणं परवडू लागलं. त्याआधी या भागात घरोघरी चोरून भट्ट्या लागायच्या. आर्चिबल्ड मिचेल नावाच्या गृहस्थाची अशीच एक बेकायदा भट्टी होती. त्याच जागेवर १८२८ मध्ये त्याच्या सोयऱ्यांनी, म्हणजे रीड कुटुंबाने, परवाना घेऊन स्प्रिंगबँक सुरू केली. १८३७ मध्ये ती मिचेलांकडे आली आणि त्या घराण्याबाहेर गेली नाही. आर्चिबल्डचे वंशज हेडली राइट यांनी ती अलीकडेपर्यंत सांभाळली. २०२३ मध्ये ते गेले, त्यानंतर मालकी विश्वस्त निधीकडे आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी स्कॉटलंडमधल्या बहुतेक डिस्टिलऱ्या गिळल्या, त्या हिशोबात हे नवलच.

गावाचं म्हणाल तर एके काळी ते व्हिस्कीचं इचलकरंजी होतं. गल्लोगल्ली तोच धंदा. आल्फ्रेड बर्नार्ड नावाचा इंग्रज १८८०च्या दशकात ब्रिटनभरच्या डिस्टिलऱ्या बघत फिरला, त्याला या एका गावात २१ चालू डिस्टिलऱ्या मिळाल्या. खोल बंदर, जवळच कोळशाची खाण, पीट (दलदलीतलं जळण) मुबलक, आसपास सातू पिकतो आणि बोटीने ग्लासगोची बाजारपेठ गाठता येते. आणखी काय हवं? मग सगळं उलटं फिरलं. ब्लेंड करणाऱ्यांना, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून विकणाऱ्यांना, हलकी व्हिस्की हवीशी झाली आणि ती रेल्वेने ईशान्येच्या स्पेसाइड भागातून येऊ लागली. कॅम्पबेलटाउनची भारी, तेलकट व्हिस्की मागे पडली. मागणी होती तेव्हा काहींनी घाईघाईत निकृष्ट माल काढून गावाचं नावही घालवलं होतं. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली, जवळची खाण बंद पडली, पाठोपाठ मंदी. १९३४ नंतर गावात दोनच डिस्टिलऱ्या उरल्या: ग्लेन स्कोशिया आणि स्प्रिंगबँक. हेरिंग माशांच्या पिंपांत दारू भरायचे म्हणून गाव बुडालं, असा एक किस्सा तिथे अजून चवीने सांगतात. मला तो प्रतिस्पर्ध्यांनी उठवलेला वाटतो.

आता तुमच्या शंकेचा गाभा. ‘१८२८ पासून जसंच्या तसं’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. स्प्रिंगबँकने १९६० मध्ये स्वतःचं माल्ट करणं (सातूला मोड आणून वाळवणं) बंद केलं होतं आणि इतरांसारखंच बाहेरून विकत आणायला सुरुवात केली होती. १९७९ मध्ये तर उत्पादनच थांबलं. स्कॉटलंडभर व्हिस्कीचे साठे तुंबले होते, पुढच्या काही वर्षांत कितीतरी डिस्टिलऱ्यांना कुलूप लागलं. इथे १९८७ ला थोडंथोडं काम पुन्हा सुरू झालं आणि १९९२ ला माल्टचा मजला परत चालू केला. म्हणजे आज ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त गाजावाजा होतो, ती मधली बत्तीस वर्षं नव्हतीच. ती टिकलेली परंपरा नाही, मुद्दाम परत आणलेली आहे, आणि तेही बाकी सगळं जग उलट दिशेला जात असताना. माझ्या मनात त्याने तिची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. आपोआप टिकलेल्या गोष्टीला फारशी अक्कल लागत नाही. परत आणायला पैसे मोजावे लागतात आणि कारण द्यावं लागतं.

कारण काय होतं ते माल्टच्या मजल्यावर उभं राहिल्यावर कळतं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. आपल्या घरात नाचणीचं सत्त्व करतात तीच रीत. भिजवायचं, मोड येऊ द्यायचे, दाण्यातली विकरं जागी झाली की वाळवून मोड थांबवायचे. फरक एवढाच की घरी शेर-दोन शेर असतं आणि इथे एका वेळी दहा-बारा टन, दगडी जमिनीवर वीतभर थरात पसरलेलं. मटकी फडक्यात बांधून ठेवली की सकाळी गाठोडं हाताला कोमट लागतं, आठवतंय? तीच ऊब इथे टनावारी असते. थर हलवला नाही तर आतला दाणा तापतो आणि मुळ्या एकमेकींत गुंतून गोधडी तयार होते. म्हणून दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, माणसं लाकडी फावडी घेऊन तो उलथतात. मी विचारून अर्धा तास फावडं मारलं. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा वर जाईना.

तिथल्या एका वयस्कर कामगाराने वाकून दोन दाणे उचलले आणि अंगठ्याखाली चिरडून भिंतीवर रेघ ओढली. पांढरी रेघ उमटली, खडूने ओढावी तशी. “झालं,” म्हणाला. दाण्यातलं पीठ मोकळं झालंय याची ती खूण. आमच्याकडे याच निर्णयासाठी लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागतं. त्या मजल्यावरचा वास ध्यानात ठेवा: ओलसर, काकडीसारखा हिरवा, खाली मातट, आणि कोपऱ्यात रचलेल्या पोत्यांचा. तुमचं गोणपाट इथपासून सुरू होतं, असा माझा तर्क आहे. हाताने उलथलेल्या माल्टमध्ये सगळे दाणे एकसारखे उमलत नाहीत, काही पुढे जातात, काही मागे राहतात. ड्रमच्या यंत्रात हा फरक जवळजवळ पुसला जातो.

वाळवताना भट्टीखाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं दबलेल्या शेवाळ-गवताचा थर, कोळसा होण्याच्या वाटेवर असलेला. त्याचा धूर ओल्या दाण्याला धरतो. हुरडा गोवऱ्यांच्या आरावर भाजला की त्या धुराचा वास दाण्यात उतरतो ना, तसंच. स्प्रिंगबँक नावाने जी व्हिस्की निघते तिच्यासाठी साधारण सहा तास पीटचा धूर आणि मग दिवसभर नुसती गरम हवा. ‘लाँगरो’साठी अठ्ठेचाळीस तासांपर्यंत धूर. ‘हेझलबर्न’ला धूर अजिबात नाही. जागा एक, भांडी तीच, व्हिस्की तीन.

पुढचा टप्पा आंबवण्याचा. इथे माझ्यासारख्या कारखानदारी माणसाचा जीव वरखाली होतो. मळीवर आम्ही वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या द्रवात, आठ-दहा टक्के अल्कोहोल काढायचो आणि ते चोवीस-तीस तासांत उरकायचो. फर्मेंटर रिकामा पडला की पैसा वाया. इथे वॉश मुद्दाम पातळ ठेवतात, अल्कोहोल जेमतेम साडेचार-पाच टक्के, आणि लाकडी हौदात त्याला शंभर तासांच्या आसपास राहू देतात. यीस्टचं काम दोन दिवसांत संपतं. उरलेले तास लाकडाच्या फटींत वस्ती करून असलेल्या जिवाणूंचे, तेच आपलं दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद. ते थोडं आम्ल करतात, त्यातून पुढे फळांचे वास तयार होतात. उतारा कमी मिळतो, वेळ आणि वाफ जास्त लागते. साखर कारखान्यात असा प्रस्ताव नेला असता तर संचालक मंडळाने मला घरचा रस्ता दाखवला असता.

आता भांडी. तीन आहेत. पहिल्याला, म्हणजे वॉश स्टिलला, खालून थेट ज्वाळा लागते. जोडीला आत वाफेची वेटोळीही आहेत. आजकाल जवळजवळ सगळीकडे फक्त वाफ वापरतात, कारण ज्वाळेने तळाला वॉश लागतो. तो लागू नये म्हणून भांड्याच्या आत तांब्याच्या साखळ्या सतत फिरत तळ खरवडत असतात. जवळ उभं राहिलं की तो खरड-खरड आवाज छातीत ऐकू येतो. या साखळ्यांचं महत्त्व मी घाम गाळून शिकलो. एका छोट्या प्रकल्पात, कुठला ते सोडा, आम्ही हौसेने थेट जाळावर भांडं बसवलं आणि साखळ्यांचा खर्च वाचवला. तिसऱ्या दिवशी अख्खी बॅच करपली. दुधाचं पातेलं लागल्यावर घरभर जो वास सुटतो, त्याला शंभराने गुणा. अर्क दोनदा परत गाळला तरी तो गेला नाही. शेवटी सॅनिटायझरवाल्याला विकला. पण हाच जाळ काबूत ठेवला तर तळाशी जे किंचित भाजलं जातं त्यातून एक खमंग जडपणा येतो. वाफेच्या भांड्यात तो मला कधी सापडलेला नाही.

आणि ते प्रसिद्ध ‘अडीच वेळा गाळणं’. ऐकायला जादू वाटते, पण हिशोब साधा आहे. गोव्यात काजूची फेणी करताना पहिल्या गाळपाला उराक म्हणतात, ते पुन्हा भट्टीवर चढतं. इथलं ‘लो वाइन्स’ म्हणजे व्हिस्कीचं उराक समजा. बहुतेक ठिकाणी सगळं लो वाइन्स दुसऱ्यांदा गाळलं की व्हिस्कीचा अर्क हाती येतो. स्प्रिंगबँकमध्ये त्यातला थोडा भाग बाजूला ठेवतात आणि उरलेला मधल्या भांड्यात आणखी एकदा गाळतात. त्याला फेंट्स म्हणतात. मग शेवटच्या भांड्यात साधारण ८० टक्के फेंट्स आणि २० टक्के बाजूला ठेवलेलं लो वाइन्स. म्हणजे अर्काचा काही भाग दोनदा गाळलेला आणि बराचसा तीनदा. म्हणून ढोबळपणे अडीच. तीनदाच्या भागातून सफाई येते, दोनदाच्या भागातून जाडी. लाँगरो दोनदाच गाळतात आणि हेझलबर्न पूर्ण तीनदा, म्हणून हेझलबर्न तिन्हींत सगळ्यात हलकी.

यातल्या एका भांड्याची वाफ थंड करायला अजून जुनं वेटोळं आहे: पाण्याच्या हौदात बुडवलेली तांब्याची लांब नळी. आपल्याकडच्या भट्टीवाल्यांना ती बघून घरी आल्यासारखं वाटेल. आधुनिक कंडेन्सरमध्ये शेकडो बारीक नळ्यांमुळे वाफेला भरपूर तांबं लागतं आणि तांबं गंधकाचे वास ओढून घेतं. वेटोळ्यात तांब्याशी गाठ कमी पडते, म्हणून मांसल, भारी, किंचित गंधकी सूर शिल्लक राहतो. हे तुमच्या गोणपाटाचं दुसरं आगर.

समुद्राच्या वाऱ्याने पिंपांत मीठ शिरतं आणि म्हणून ही व्हिस्की खारट लागते, ही गोष्ट मात्र सोडून द्या. मीठ वाफेबरोबर वर येत नाही, आणि ओकच्या फळीतून ते आत झिरपून जिभेला कळेल इतकं साठतं, हे मला पटत नाही. खारेपणाचा जो भास होतो तो पीट, आम्ल आणि तो मांसल सूर यांची मिसळण असावी. गोष्ट छान आहे, सांगणाऱ्याला थांबवू नका एवढंच.

म्हणजे जाहिरात की तथ्य? माल्ट करण्यापासून बाटलीवर लेबल चिकटवण्यापर्यंत सगळं एकाच आवारात होतं, हे खरं आहे आणि स्कॉटलंडमध्ये फार दुर्मीळ आहे. व्हिस्की थंड करून फिल्टर करत नाहीत, रंग घालत नाहीत, हेही खरं. मोठ्या डिस्टिलऱ्या वर्षाला दोन कोटी लिटर अर्काची क्षमता मिरवतात. इथे होणारं उत्पादन त्याच्या जवळपासही जात नाही. यंत्रं आणून ते वाढवता आलं असतं. मालकांनी माणसं ठेवली, कारण गावात दुसरं काम फारसं उरलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. किमती मात्र डिस्टिलरीपेक्षा मधल्या साठेबाजांनी जास्त चढवल्यात. लिलावातल्या भावाने दहा वर्षांची बाटली घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

आणखी एक कथा तिथे ऐकायला मिळेल. गावात दोनच डिस्टिलऱ्या उरल्या म्हणून ‘कॅम्पबेलटाउन’ हा व्हिस्कीचा स्वतंत्र प्रदेश मानायचा की नाही, अशी कुजबुज सुरू झाली. दक्षिणेकडच्या लोलँड्सला तीनच असूनही प्रदेशाचा मान होता. हेडली राइटनी २००० साली शेजारची, १९२५ पासून बंद असलेली ग्लेनगाइल विकत घेतली आणि २००४ मध्ये चालू केली. झाल्या तीन. ग्लेनगाइल हे नाव दुसऱ्याच्या ब्लेंडकडे अडकलेलं होतं, म्हणून तिथली व्हिस्की ‘किलकेरन’ नावाने येते. कागदावरचा वाद मिटवायला डिस्टिलरी उभी करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता तुमची बाटली. इथे बरंच काही ‘अवलंबून’ आहे. हाताच्या कामात बॅचगणिक फरक पडतो आणि स्प्रिंगबँकमध्ये तो इतरांपेक्षा जास्त जाणवतो. आधी शेरी (स्पॅनिश वाइन) भरलेली पिंपं किती आणि बर्बन (अमेरिकन व्हिस्की) भरलेली किती यानेही चव हलते. मित्राची बाटली किती दिवस उघडी होती, आधी तुम्ही काय खाल्लं होतं, हेही आलंच. एका पेगवरून निकाल देऊ नका. ती ४६ टक्के आहे, म्हणून चमचाभर साधं पाणी घाला. ती गढूळ होईल, घाबरू नका. थंड करून फिल्टर केलेली नसल्याने त्यातले तैलांश मोकळे होतात. पंधरा मिनिटं तशीच ठेवा. बर्फ नको. एवढं करूनही गोणपाटच आलं तर ती तुमची व्हिस्की नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. आमच्या घरातलं निम्मं माणूस अजून तिला ‘तळघर’ म्हणतं.

जावं का? तुम्हाला नुसती चकाचक इमारत आणि फोटो हवे असतील तर नको. ग्लासगोहून गाडीने चार तास जातात आणि समोर येतं ते जुनाट, कळकट, काम चालू असलेलं आवार. पण एखादी वस्तू हाताने कशी घडते हे बघायला तुम्हाला आवडत असेल तर मला स्कॉटलंडमध्ये याहून चांगली जागा माहीत नाही. जागा आधी राखून ठेवा. आणि शक्य झालं तर तिथे आधी हेझलबर्न, मग स्प्रिंगबँक, शेवटी लाँगरो या क्रमाने एक-एक घोट घ्या. हेझलबर्न आवडली आणि स्प्रिंगबँक नाही, तर अडचण धुराची किंवा जाडीची आहे. तिन्ही नाही आवडल्या तर या घराण्याशी तुमचं जमत नाही, विषय संपला.

गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखायचं नाही. २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये मद्यपानाची मर्यादा उर्वरित ब्रिटनपेक्षा कडक आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून मिळतो का ते काउंटरवर विचारा. आणि परत आल्यावर तो घरी घेतलात तर ग्लास रात्री धुवू नका. सकाळी रिकामा ग्लास हुंगून बघा, आणि तेव्हाही गोणपाटच येतं की दुसरं काही, ते इथे मला जरूर कळवा.